भिंतीतला आरपार दगड

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि लातूर जिल्ह्यातले किल्लारी, तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातले सास्तूर अशी कितीतरी गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. सुमारे ८ हजार माणसे गेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा. या ताकदीचे भूकंप जगात दरवर्षी होतात. सगळीकडे एवढी माणसे मरत नाहीत. मग इथेच का?

उत्तर आमच्या घरांत होते. मी मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात वाढलो. अब्बा गवंडीकाम करायचे. काळ्या दगडाच्या दोन-अडीच फुटी भिंती, मातीत बांधलेल्या. एक थर बाहेरून, एक आतून, मधे दगडचिपा आणि मातीची भर. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची. जुनी कुणी काढत नसे. घर उन्हाळ्यात गार राही, पण डोक्यावरचे ओझे वाढतच जाई.

धक्क्याने भिंतीचे दोन्ही थर फुगून अलग झाले आणि माळवद झोपलेल्यांवर आले. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम होता, तिथे भिंती पडूनही बऱ्याच ठिकाणी माळवद खांबांवर उभे राहिले.

ते पाहून आल्यावर अब्बा दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, “दोन्ही थरांना धरून ठेवणारा लांब दगड आम्ही गाळत आलो. तो शोधावा लागतो, घडवावा लागतो. मालक मजुरीत घासाघीस करतो, गवंडी दगड वाचवतो. भिंत बाहेरून सारखीच दिसते.”

१९९२ मध्येच किल्लारी परिसराला लहान धक्के बसले होते. पण त्या वेळच्या नकाशात हा भाग देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. इतरत्र जुनी घरे मजबूत करण्याचे काम निघाले. त्यातले उपाय साधे होते : माळवदावरची जादा माती उतरवणे, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरपे आधार देणे, भिंतीभोवती काँक्रीटचा पट्टा आणि भिंतीत दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांवर आरपार दगड. जुन्या भिंतीत भोक पाडून, सळी आणि काँक्रीट भरूनही हे काम होते. अब्बांनी पुढे आरपार दगडाशिवाय एकही भिंत बांधली नाही.

भूकंप केव्हा येईल, हे आजही कुणाला सांगता येत नाही. भिंत कशी आहे, हे मात्र आजच पाहता येते. गावाकडे जुने घर असेल तर माळवदावर किती माती आहे ते मोजा. भिंतीला पोट आले आहे का, ते बघा. जाणत्या गवंड्याला दाखवा. त्याने आरपार दगडासाठी एका दिवसाची मजुरी जास्त मागितली, तर घासाघीस करू नका.