कपाळावर १९१८ : एका काष्ठठशाची कुळकथा

कार्ल श्मिट-रॉटलुफ या जर्मन चित्रकाराने लाकडात कोरलेल्या ख्रिस्ताच्या कपाळावर १९१८ हे साल आहे. एक डोळा टक्क उघडा, दुसरा जवळपास मिटलेला. नाक-गाल मुखवट्यासारखे कोनांत छाटलेले. खाली जर्मनमध्ये प्रश्न, ख्रिस्त तुम्हाला दिसला नाही का? छाप उलटी उमटते, त्यामुळे आकडे आणि अक्षरेही फळीवर उलटी कोरावी लागली.

या चित्राचे पूर्वज देवघरातल्या तसबिरीइतके साधे आहेत. पंधराव्या शतकापासून युरोपात लाकडी ठशांवरून संतांची स्वस्त चित्रे छापली जात. १४२३ साल कोरलेला संत ख्रिस्तोफर त्यांतलाच. पुढे जर्मन चित्रकार ड्यूररने १४९८मध्ये बायबलमधील प्रलयाची चित्रमालिका इतक्या बारीक रेषांत काढली, की लाकडाचा रांगडेपणा जवळजवळ लोपला. तो परत आणला गोगँ आणि मुंक या चित्रकारांनी. १९०५ साली ड्रेस्डेनमध्ये वास्तुशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांनी ‘ब्रुक’ म्हणजे ‘पूल’ हा गट स्थापला. श्मिट-रॉटलुफ त्यांपैकी एक. आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरील कोरीवकामाचाही या मंडळींवर मोठा प्रभाव होता.

तंत्र सोपे, पण निष्ठुर. कागदावर जे पांढरे हवे ते फळीतून कोरून काढायचे, उरलेल्या उंचवट्यावर शाई फिरवून कागद दाबायचा. काळा आणि पांढरा यांच्यात तिसरी छटा नाही, चुकीचा घाव पुसता येत नाही. क्षोभ दाखवायला याहून योग्य माध्यम क्वचितच असेल. याच गटात काही काळ असलेल्या एमिल नोल्डेने १९१२ साली खोल गेलेल्या डोळ्यांचा ‘प्रेषित’ असाच कोरला होता.

श्मिट-रॉटलुफ १९१५ ते १९१८ या काळात पहिल्या महायुद्धाच्या पूर्व आघाडीवर सैनिक होता. युद्धाच्या अखेरीस त्याने बायबलमधले प्रसंग हाती घेतले: एमाउसची वाट, यहूदाचे चुंबन, माशांचे जाळे. नऊ ठशांचा हा संच प्रकाशक कुर्ट वोल्फने काढला. कपाळावरचे साल हा त्याचा कणा म्हणायला हवा. त्याच्याविना ही नेहमीची धर्मचित्रे ठरली असती.

नाझींनी १९३७मध्ये श्मिट-रॉटलुफच्या ६०८ कलाकृती संग्रहालयांतून जप्त केल्या, १९४१मध्ये त्याला चित्रकलेचीच बंदी केली. त्याच राजवटीमुळे परागंदा झालेला व्हिएन्नाचा वाल्टर लँगहॅमर मुंबईत आला, टाइम्स ऑफ इंडियाचा कलासंचालक झाला आणि पुढे १९४७च्या प्रोग्रेसिव्ह या चित्रकारगटातील तरुणांचा पाठीराखा ठरला. त्या गटातल्या गोव्याच्या फ्रान्सिस न्यूटन सुझाने १९५९मध्ये रंगवलेला क्रुसावरचा ख्रिस्त लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तो ठसा नव्हे, रंगचित्र आहे. काळ्या रेषांचा आडदांडपणा मात्र याच जातीचा.