मांडवगडची चिंच आणि लॅटिन वर्णन

धार व देवास येथील पवारांच्या संस्थानांबरोबर मराठी घराणी माळव्यात स्थायिक झाली, आणि त्यांच्या बोलीबरोबर झाडांची मराठी नावेही तेथे गेली. धारपासून सुमारे 35 किलोमीटरांवर मांडवगडाच्या परिसरात अवाढव्य बुंध्याचा जो वृक्ष आढळतो, त्याला तेथील लोक 'मांडूची इमली' किंवा 'खुरासानी इमली' म्हणतात. मराठीत तीच गोरखचिंच. गंमत अशी, की हा वृक्ष चिंचेच्या कुळातला नाही आणि खुरासानातलाही नाही. फळातील आंबट गरामुळे तो चिंच ठरला, एवढेच.

शास्त्रात त्याचे नाव आडान्सोनिया डिजिटाटा. मिशेल आडान्सन हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ 1749 साली सेनेगालात उतरला व तेथे त्याने हा वृक्ष अभ्यासला. स्वीडनच्या लिनियसने 1759 साली त्याचेच नाव वृक्षाला दिले. स्वतः आडान्सनने मात्र 1763 च्या आपल्या ग्रंथात 'बाओबाब' हेच नाव ठेवले!

'डिजिटस' म्हणजे बोट. अशा वृक्षाच्या वर्णनात 'फोलिइस डिजिटातिस' असे दोनच शब्द येतात, क्रियापद नसते. केवळ शब्दकोशावर भिस्त ठेवणारा भाषांतरकार येथेच अडखळतो. ही विभक्ती संस्कृतातील तृतीयेप्रमाणे वाचावी: 'बोटांसारख्या विभागलेल्या पानांनी युक्त'. एकाच देठाच्या टोकाशी बहुधा पाच ते सात दले, उघडलेल्या पंजासारखी. पाठ्यपुस्तकांतील हस्ताकृती संयुक्त पान ते हेच. चिंचेची दले मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांस, पिसासारखी असतात. दोन शब्दांत घोटाळा मिटतो. फक्त रोपापाशी उभे राहून हे वर्णन पडताळू नये. कोवळ्या रोपाची पाने साधी, अविभक्त असतात.

लॅटिन नाव मात्र वर्णनाइतके विश्वासू नसते. चिंचेला 'टॅमरिंडस इंडिका' म्हणतात. पहिला शब्द अरबी 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, यावरून आला. त्यावर पुन्हा 'भारतीय' हे विशेषण. तरीही तिचे मूळ आफ्रिकेत मानतात. म्हणजे माळव्यातील दोन्ही चिंचा परदेशीच!

नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देण्याची सक्ती 1935 पासून 2011 अखेरपर्यंत होती. 2012 पासून इंग्रजीही चालते. जुने ग्रंथ मात्र लॅटिनवाचून उघडत नाहीत. गोरखचिंच भारतात कशी आली, हे त्या वर्णनांतून कळत नाही. त्याचा धागा 2015 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दिला: भारतातील ही झाडे आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून, एकाहून अधिक वेळा, समुद्रमार्गे आली.