बॅश, झेड-शेल की फिश? रोजच्या कामासाठी कोणतं शेल बरं?

टर्मिनलमध्ये तुम्ही टाइप केलेली कमांड वाचून कॉम्प्युटरकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. त्यातली तीन नावं सतत कानावर येतात.

बॅश (१९८९): ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलं. बहुतेक लिनक्स सर्व्हरवर हेच असतं. सर्व्हरवर काम करायचं तर हे यायलाच हवं.

झेड-शेल (१९९०): बॅशच्या बऱ्याचशा कमांड इथे तशाच चालतात. टॅब दाबल्यावर मिळणारे पर्याय जास्त सोयीचे. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर नव्या अकाउंटला हेच मिळतं.

फिश (२००५): जुन्या कमांड फिकट अक्षरांत सुचवतं, चुकीची कमांड लाल दाखवतं. तेही काहीच सेटिंग न करता. पण याची स्क्रिप्टची भाषा वेगळी आहे. इंटरनेटवरून उचललेला बॅशचा फॉर लूप पेस्ट केलात, तर एरर येते.

मग निवडायचं काय?

नवीन असाल तर सिस्टिमसोबत आलेलं शेलच ठेवा. फिश वापरून बघायचं असेल तर इन्स्टॉल करा, पण डिफॉल्ट लगेच बदलू नका. टर्मिनलमध्ये 'फिश' टाइप केलं की ते सुरू होतं, 'एक्झिट' केलं की जुनं शेल परत. स्क्रिप्ट मात्र बॅशमध्येच लिहा, म्हणजे ती दुसऱ्याच्या मशीनवरही चालण्याची शक्यता जास्त.