माडीवरची घटकाभर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या पेठांतून जी एकत्र कुटुंबे नांदत होती, त्यांपैकी पुष्कळ ब्राह्मण घरांत पतिपत्नींनी दिवसाउजेडी, वडीलधाऱ्यांच्या देखत, परस्परांशी बोलू नये असा दस्तुर होता, आणि सरकारच्या कोणत्याही कायद्याहून त्याचा अंमल अधिक सक्त होता. पुरुषांचा वावर ओटीवर, बायकांचा माजघरात. सर्वांची पाने उठली, उष्टी-खरकटी निघाली, सासूबाईंचे पाय चेपून झाले आणि घरातले शेवटचे वडील माणूस निजले, म्हणजे मग पदराआड दिवा धरून, जिन्याची पायरी वाजणार नाही अशा बेताने सुनेने माडीवर जायचे, आणि सडासंमार्जनाच्या वेळेआधी खाली यायचे. संसारातील सगळे मनोगत त्या मधल्या घटका-दोन घटकांत सांगून व्हावे लागे. उरलेला दिवस वाट पाहण्याचा.

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, तेव्हा या घरांच्या रीतिरिवाजाचे जणू दप्तरच उघडले गेले. कादंबरीची नायिका यमू आपली हकीकत स्वतः सांगते. आई जाते, वडील दुसरे लग्न करतात, ती सासरी येते. परंतु हरिभाऊंची लेखणी खरी रमते ती पती रघुनाथरावांशी होणाऱ्या तिच्या बोलण्यात, आणि त्यांच्या प्रोत्साहनाने लागलेल्या वाचनाच्या गोडीत. पुढे मुंबईच्या बिऱ्हाडी या दोघांना जी मोकळीक लाभते, ती वाचताना आजही मन भरून येते, कारण तिची किंमत किती प्रतीक्षेने चुकवली होती हे तोपर्यंत आपल्याला कळलेले असते.

हे कल्पनाचित्र नव्हे, याला रमाबाई रानडे यांच्यासारखी साक्ष नाही. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्या न्यायमूर्ती माधवराव रानडे यांच्या घरी लग्न होऊन आल्या. माधवरावांनी त्यांना अक्षरओळखीपासून शिकवले, रात्री धडे घेतले, आणि त्या शिक्षणापायी दिवसभर घरातल्या बायकांचे टोमणे त्यांना मुकाट्याने सोसावे लागले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत हे सारे नमूद आहे. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात शाळांच्या स्थापनेच्या तारखा आपण आदराने नोंदवतो. रात्रीच्या दिव्यापाशी गिरवलेल्या या अक्षरांना त्यात जागा नसावी, हे मला अन्यायाचे वाटते.

यमूची कथा साप्ताहिकातून येत असल्यामुळे वाचकालाही थांबणे भाग होते, आणि तो थांबला असताना बाहेर काळ स्वस्थ नव्हता. १८९० मध्येच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलींसाठीची दहा वर्षांची मर्यादा बारावर गेली, आणि त्यावरून पुण्यात रणे माजली. ज्या घरात या कायद्याविरुद्ध तावातावाने बोलणे चाले, त्याच घरात ‘करमणूक’चा अंक माजघरापर्यंत पोहोचत असेल, ही कल्पना मला फार अर्थपूर्ण वाटते.

कादंबरीत रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर सासरचे शंकरमामंजी बळजबरीने यमूचे केशवपन करवतात. साठ पळांची एक घटका; त्या कृत्याला अशा कितीशा घटका लागल्या असतील? शेकडो पृष्ठांत, रात्रीमागून रात्री जे जमले होते, ते तेवढ्यात मोडून पडते, आणि यमूही पुढे फार दिवस जगत नाही. सुधारणेवरच्या कोणत्याही व्याख्यानाने साधले नसते ते हरिभाऊंनी काळाच्या या विषम वाटणीतून साधले, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या पिढीतल्या ज्या स्त्रिया माडीवर लिहायला शिकल्या, त्यांतल्या कित्येकींनी पुढे परगावी असलेल्या पतीला पत्रे लिहिली असणार. ज्यांच्या घरी पणजीच्या वेळचे असे एखादे गाठोडे माळ्यावर पडून असेल, त्यांनी ते रद्दीत घालू नये. एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा इतिहास संशोधन करणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन करावे.