रेकॉर्डमधलं शून्य

न्यू ऑर्लिन्सच्या ऑलिम्पिक क्लबने सप्टेंबर 1892 मध्ये सलग तीन रात्री बॉक्सिंगच्या विजेतेपदाच्या लढती लावल्या होत्या. तिसऱ्या रात्री, 7 सप्टेंबरला, विजेच्या दिव्यांखाली जॉन एल. सुलिव्हन रिंगमध्ये उतरला. बॉस्टनच्या आयरिश घरातला हा गडी चौतिशीला टेकलेला होता. दहा वर्षं तो हेवीवेट विजेता होता आणि एकदाही हरलेला नव्हता. समोर होता जेम्स कॉर्बेट, सॅन फ्रान्सिस्कोत बँकेत कारकुनी केलेला, 26 वर्षांचा, नीटनेटका आणि वजनाने बराच हलका. बक्षीस 25 हजार डॉलरचं, शिवाय दोन्ही बाजूंनी दहा-दहा हजारांची पैज. पैजा लावणाऱ्यांचा कल अर्थातच सुलिव्हनकडे होता.

कॉर्बेटने त्याला हात लावू दिला नाही. सुलिव्हन बैलासारखा अंगावर जायचा, कॉर्बेट बाजूला सरकायचा आणि जाता जाता डाव्या हाताने तोंडावर ठोसा ठेवून द्यायचा. तिसऱ्याच फेरीत सुलिव्हनचं नाक मोडलं. एकविसाव्या फेरीत तो कोसळला आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत उठला नाही. भानावर आल्यावर दोराला धरून तो प्रेक्षकांशी चार शब्द बोलला. हरायचंच होतं, तर निदान विजेतेपद अमेरिकेत राहिलं याचा आनंद आहे, असा त्यांचा आशय होता.

या पराभवाच्या मागे एक धंदा कात टाकत होता. तीनच वर्षांपूर्वी, जुलै 1889 मध्ये, याच सुलिव्हनने मिसिसिपीतल्या रिचबर्गला जेक किलरेनला उघड्या मुठींनी 75 फेऱ्या झुंजून हरवलं होतं. लढत बेकायदा होती, जागा गुप्त ठेवलेली होती आणि नंतर कोर्टकचेऱ्याही झाल्या. उघड्या मुठींची ती शेवटची हेवीवेट विजेतेपदाची लढत. इंग्लंडमध्ये 1867 साली मार्क्विस ऑफ क्वीन्सबरीच्या नावाने नियम छापले गेले होते. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा सेकंद. ऑलिम्पिक क्लबची लढत या नियमांनी झाली. शेताच्या कडेला पोलिसांची नजर चुकवून चालणारा खेळ तिकीट लावून, छपराखाली, हजारो लोकांसमोर आला. सुलिव्हन मात्र किलरेननंतरची तीन वर्षं नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरत आणि मनसोक्त दारू पीत काढून आला होता.

त्याच्या अजिंक्यपदाची आणखी एक बाजू आहे, आणि ती कौतुकाच्या गदारोळात दबून जाते. सुलिव्हन कृष्णवर्णीय बॉक्सरशी खेळायला तयारच नव्हता. त्या काळातला अव्वल हेवीवेट पीटर जॅक्सन कृष्णवर्णीय होता. कॉर्बेट त्याच्याशी 1891 मध्ये 61 फेऱ्या खेळला आणि निकाल लागला नाही. सुलिव्हनने जॅक्सनला वाऱ्यालाही उभं केलं नाही. त्या तीन रात्रींतल्या दुसऱ्या रात्री कृष्णवर्णीय जॉर्ज डिक्सनने गोऱ्या जॅक स्केलीला बडवलं. त्यानंतर क्लबने गोरे-काळे अशा लढतीच बंद करून टाकल्या. कोणाला हरवलं याइतकंच कोणाशी लढला नाही, यावरही बॉक्सरचं अजिंक्यपद उभं असतं. हे तेव्हाही खरं होतं.

तरीही न हरणं हीच बॉक्सरची सगळी कमाई, असं त्या काळात कोणी मानत नव्हतं. पुढची पन्नास वर्षं बॉक्सर हा जवळजवळ रोजंदारीवरचा माणूस होता. आठवड्याला, पंधरवड्याला लढायचं, पैसे घ्यायचे, पुढच्या गावी जायचं. अशा कामात पराभव येणारच.

शुगर रे रॉबिन्सनचंच घ्या. अनेक जाणकार त्याला सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ बॉक्सर मानतात. ऑक्टोबर 1940 मध्ये तो व्यावसायिक झाला आणि सव्वादोन वर्षांत त्याने 40 लढती जिंकल्या. 5 फेब्रुवारी 1943 ला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवलं. हाच तो लामोटा, ज्याच्यावर पुढे मार्टिन स्कॉर्सेसीने ‘रेजिंग बुल’ काढला. लामोटा वजनाने चांगलाच भारी होता. आठव्या फेरीत त्याने रॉबिन्सनला दोरांमधून थेट रिंगबाहेर फेकलं आणि दहा फेऱ्यांनंतर गुणांवर लढत जिंकली.

आजचा बॉक्सर असता तर वर्षभर दिसला नसता. रॉबिन्सन दोन आठवड्यांनी दुसऱ्याच एका बॉक्सरशी लढला आणि जिंकला. त्यानंतर एका आठवड्यात, 26 फेब्रुवारीला, त्याच डेट्रॉइटमध्ये पुन्हा लामोटासमोर उभा राहिला आणि या वेळी जिंकला. दुसऱ्या दिवशी तो सैन्यात दाखल झाला. पुढचा पराभव त्याच्या वाट्याला आला तो थेट जुलै 1951 मध्ये, लंडनला, रँडी टर्पिनकडून. कारकिर्दीअखेर त्याच्या खात्यावर जवळपास 200 लढती होत्या आणि त्यात 19 पराभव होते. त्या 19 आकड्यामुळे त्याचं नाव कोणी एक पायरीही खाली आणलेलं नाही.

मग शून्याला एवढा भाव आला कधी?

याचं बरंचसं उत्तर टीव्हीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दर शुक्रवारी रात्री घरोघरी बॉक्सिंग दिसायला लागलं, आणि गल्लीबोळातले छोटे क्लब ओस पडले. नवा पोरगा पूर्वी तिथे हरत, शिकत, पुन्हा जिंकत वर यायचा. ती शाळाच बंद झाली. लढती कमी झाल्या आणि एकेका लढतीचं मोल वाढलं. बॉक्सिंग कधीतरीच बघणाऱ्या प्रेक्षकाला कोण कसा लढतो ते कळत नाही, पण आकडा कळतो. रॉकी मार्सियानो 1956 मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याचा आकडा होता 49 विजय, शून्य पराभव. एकही लढत न हरता गेलेला तो एकमेव हेवीवेट विजेता. लॅरी होम्स 48 विजयांपर्यंत पोहोचला आणि 21 सप्टेंबर 1985 ला मायकल स्पिंक्सकडून हरला. मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला त्या दिवशी बरोबर तीस वर्षं झाली होती. मार्सियानो आणि होम्स यांत सरस कोण, हा वाद चालू राहील. माझं मत होम्सच्या बाजूने आहे. पण इतिहासाच्या पुस्तकात मोठ्या अक्षरात शून्यच छापलं जातं.

या शून्याची खरी कसोटी सत्तरच्या दशकात लागली, आणि तीही एखाद्या साखळीसारखी. 8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझिअर समोरासमोर आले. अली 31 लढतींत अजिंक्य, फ्रेझिअर 26 लढतींत. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्याने अलीची उमेदीची साडेतीन वर्षं बंदीत गेली होती. दोघांना प्रत्येकी 25 लाख डॉलर मिळाले, तोवर कधी न ऐकलेली रक्कम. फ्रँक सिनात्रा रिंगच्या कडेला ‘लाइफ’ मासिकासाठी फोटो काढत बसला होता. पंधराव्या फेरीत फ्रेझिअरच्या लेफ्ट हुकने अली पाठीवर पडला. तो लगेच उठला, पण तिन्ही पंचांनी कौल फ्रेझिअरला दिला. अलीचा हा पहिला पराभव.

जानेवारी 1973 मध्ये जमैकाच्या किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने फ्रेझिअरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. फ्रेझिअरचा पहिला पराभव. आणि 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात, 40 लढती जिंकून आलेल्या फोरमनला अलीने आठव्या फेरीत झोपवलं. फोरमनचा पहिला पराभव. तिघांनी एकमेकांचं शून्य काढून घेतलं आणि तिघेही मोठे झाले. अलीचा तर मोठेपणाच त्या 1971 च्या हरण्यानंतर कसाला लागला.

फोरमनला मात्र ते पचायला वेळ लागला. रिंगचे दोर सैल होते, आपल्या पाण्यात औषध मिसळलं होतं, अशी कारणं तो बरीच वर्षं सांगत राहिला. पुढे तो धर्मोपदेशक झाला, लढणं सोडलं, दहा वर्षांनी परत आला. नोव्हेंबर 1994 मध्ये, 45 व्या वर्षी, तो मायकल मूररसमोर उतरला तेव्हा किन्शासात घातलेली लाल चड्डीच त्याने अंगावर चढवली होती. दहाव्या फेरीत त्याने मूररला लोळवून हेवीवेट विजेतेपद परत मिळवलं. मूररसाठी 35 विजयांनंतरचा तो पहिला पराभव होता.

माइक टायसनच्या टोकियोतल्या पराभवाबद्दल इतकं लिहून झालंय की इथे थोडक्यातच सांगतो. फेब्रुवारी 1990, समोर बस्टर डग्लस, पैजेचा भाव 42 ला 1. डग्लसची आई तीनच आठवड्यांपूर्वी गेली होती. दहाव्या फेरीत टायसन गुडघ्यावर, हाताने रिंगमध्ये पडलेली दातांची ढाल चाचपडत होता. टायसन हरू शकतो हे कळल्यावर त्याला घाबरणं बॉक्सर सोडूनच देतील, असं तेव्हा बोललं गेलं आणि पुढे तसंच झालं.

अजिंक्य बॉक्सर घडवायचा तर समोर हरणारा कोणीतरी लागतो. ब्रिटनमध्ये पीटर बकली नावाच्या बॉक्सरने हे काम वर्षानुवर्षं केलं. 300 लढती, 256 पराभव. नसीम हमीदसारखे पुढचे जगज्जेते त्याच्यासमोर लढून वर आले. ऑक्टोबर 2008 मध्ये बर्मिंगहॅमला आपली तीनशेवी लढत जिंकून तो निवृत्त झाला. फ्लॉइड मेवेदर दुसऱ्या टोकाला. त्याने 50 विजयांवर शून्य राखलं आणि त्याच शून्याच्या जिवावर लढतींचं प्रक्षेपण विकलं. त्याच मेवेदरचं 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण हुकलं होतं, कारण उपांत्य फेरीत बल्गेरियाच्या टोडोरोवने त्याला हरवलं. पण हौशी खेळातले पराभव व्यावसायिक रेकॉर्डमध्ये धरत नाहीत.

हाच नियम भिवानीच्या विजेंदर सिंगलाही लागू होता. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये क्युबाच्या कोरेआकडून हरल्यावर त्याला कांस्य मिळालं. 2015 मध्ये तो व्यावसायिक झाला, तोही फ्रँक वॉरन यांच्या क्वीन्सबरी प्रमोशन्सबरोबर. मँचेस्टर, दिल्ली, मुंबईत वरळीचा डोम, जयपूर, न्यूअर्क, दुबई. चार वर्षांत 12 लढती आणि 12 विजय. मधल्या काळात 2019 ची लोकसभा निवडणूक तो दक्षिण दिल्लीतून हरला, पण तोही पराभव रेकॉर्डमध्ये धरत नाहीत.

19 मार्च 2021 ला पणजीत, मांडवीत नांगरलेल्या मॅजेस्टिक प्राइड या कॅसिनो जहाजाच्या छतावर रिंग बांधली होती. सोळा महिन्यांनी विजेंदर लढायला उतरला होता, वय 35. समोर रशियाचा 26 वर्षांचा अर्तिश लोपसान, सहा फूट चार इंचांचा. त्याच्या नावावर जेमतेम सहा लढती होत्या. विजेंदरला त्याच्या लांब हातांमुळे जवळच जाता येईना. पाचव्या फेरीत एक मिनिट नऊ सेकंद झाली असताना रेफ्रीने लढत थांबवली. दोघांच्या वयात नऊ वर्षांचा फरक आणि विजेंदरच्या अंगात सोळा महिन्यांचा गंज, हे दोन्ही दिसत होतं. त्याच्या मागच्या अनेक विजयांपेक्षा या लढतीने त्याचा खरा अंदाज दिला, असं म्हणायला हरकत नाही.

रॉबिन्सनला परतायला दोन आठवडे लागले होते, विजेंदरला सतरा महिने लागले. 17 ऑगस्ट 2022 ला तो रायपूरमध्ये घानाच्या एलियासू सुलीसमोर उतरला. सुली आधीच्या आठही लढती जिंकून आला होता. विजेंदरने त्याला दुसऱ्या फेरीत नॉकआउट केलं, आणि त्या संध्याकाळी सुलीच्या रेकॉर्डमध्ये पहिल्या पराभवाची नोंद झाली.