ठोक्याचे अक्षर आणि ठोक्याचा आकडा

खडकी म्हटले की इतिहासाच्या वाचकास ५ नोव्हेंबर १८१७ हा दिवस आठवतो. बापू गोखले आणि कर्नल बर यांच्या फौजा त्या दिवशी येथे भिडल्या व पेशवाईच्या अस्तास आरंभ झाला. ती हकिगत आम्ही पुन्हा सांगत नाही. आमचा विषय लहान आहे: ठोक्याला नाव कसे मिळते. पण त्याची वाट खडकीवरून जाते. मराठी लष्करात नगारा झडला की कूच, हे शिपाई कानाने ओळखी; कंपनीच्या पलटणीत ड्रमच्या ठरावीक वाजवण्याला ठरावीक हुकमाचा अर्थ असे. लढाईनंतर खडकीस छावणी बसली, पुढे मुंबई सॅपर्सचे केंद्र आले आणि लष्करी बँडचे सूर येथे परिचयाचे झाले.

या बँडच्या लेखनात एक मौज आहे. पाच रेघा सुराची उंची दाखविण्यासाठी असतात; पण ड्रमवाल्याच्या कागदावर रेघ उंची दाखवीत नाही, वाद्य दाखविते. खालच्या घरात मोठा ड्रम, वर लहान. सुराची जागा वाद्याच्या नावाला दिली, एवढेच.

आपल्याकडे हेच काम अक्षराने केले. नाट्यशास्त्रात पुष्करवाद्यांची सोळा अक्षरे सांगितली असून, कोणते अक्षर कोणत्या मुखावर वाजवावे याचीही वाटणी केली आहे. तबल्याच्या बोलांची जात तीच. ‘ना’ उजव्या हाताचा, ‘ग’ डाव्याचा. दोन्ही एकदम पडले की ‘धा’. भातखंडे आणि पलुसकर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपापल्या लिपी प्रचारात आणल्या तेव्हा सम, खाली आणि मात्रा यांना खुणा दिल्या. बोल मात्र अक्षरांतच राहिले. जे तोंडाने म्हणता येते त्याला दुसरे चिन्ह कशाला?

यंत्राला अक्षर म्हणता येत नाही. त्याला आकडा लागतो. १९८३ साली निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू शकतील अशी ‘मिडी’ नावाची पद्धत अवतरली. तीत प्रत्येक सुराला ० ते १२७ पैकी एक आकडा असतो. १९९१ च्या ‘जनरल मिडी’ करारात दहावी वाहिनी तालवाद्यांसाठी राखली आणि ३५ ते ८१ या आकड्यांवर सत्तेचाळीस आवाज बसविले. ३६ म्हणजे मोठा ड्रम, ३८ स्नेअर, ४२ मिटलेली हाय-हॅट, ४६ उघडी. बँडच्या कागदावरील तीच युक्ती, फक्त रेघेऐवजी आकडा.

आता प्रश्न असा की, या सत्तेचाळिसांत कोण बसले? बोंगो, कोंगा, क्लेव्हज बसले. तबला, पखवाज, ढोलकी यांना जागा नाही. गंमत अशी की, याच कराराच्या १२८ वाद्यांच्या यादीत सतार १०५ वी आणि सनई ११२ वी आहे. म्हणजे सनई आत गेली आणि तिच्या साथीचा चौघडा दाराबाहेर राहिला!

याचा परिणाम कागदी नाही. लावणीची ढोलकी कोणी संगणकावर कोंगाच्या आकड्यांवर बसविली, तर ती दुसऱ्याच्या यंत्रावर कोंगा होऊनच वाजते. म्हणून आजच्या संगीत-प्रणालींत ठोक्यांचा नकाशा स्वतः मांडण्याची सोय असते: आत येणारा आकडा, बाहेर जाणारा आकडा आणि नाव. ते काम जाणत्याने केले पाहिजे. ‘धा’ला वेगळा आकडा देण्यापेक्षा ‘ना’ आणि ‘ग’ एकत्र वाजवावे. उघडी हाय-हॅट वाजत असता मिटलीचा ठोका तिला थांबवितो. तसेच घुमणाऱ्या ‘ग’ला बंद ‘क’ने थांबविले पाहिजे, म्हणून दोघांना एका गटात घालावे. डग्ग्याची घसीट वेगळ्या वाहिनीवर ठेवावी, कारण सूर वाकविण्याची आज्ञा साऱ्या वाहिनीस लागू होते. एरवी डग्ग्याबरोबर उजवा तबलाही वाकेल. पुण्याच्या ढोलाचेही तसेच: थापेचे तोंड आणि टिपरूचे तोंड ही दोन नावे आहेत, ती एका आकड्यात कोंबू नयेत.

आकडा वाईट नव्हे. त्याने वेगवेगळ्या देशांची यंत्रे एका ठेक्यावर आणली. पण आकड्यापुढे बोल लिहिलेला नसेल, तर पुढच्या माणसाला आकडाच उरेल. नकाशाच्या नावाच्या रकान्यात आपण ‘धा’, ‘ग’, ‘क’ देवनागरीत लिहावे. तेवढे आपल्या हाती आहे आणि त्यासाठी कोणाच्या कराराची वाट पाहावी लागत नाही.