उतारा : बियरनिर्मितीतील मापन आणि घरगुती परंपरा

साखर कारखानदारीत उसाच्या वजनाच्या तुलनेत किती साखर हाती आली, हे सांगण्यासाठी ‘उतारा’ हा शब्द मराठीत रूढ आहे. सातूच्या माल्टमधील किती शर्करा गरम पाण्यात उतरली, याच्या मोजमापालाही तोच शब्द यथार्थ ठरतो. घरी बियर बनवणारा आजचा हौशी कारागीर हा उतारा टक्क्यांत नोंदवतो. ही टक्केवारी मात्र घरात जन्मलेली नाही. तिचे मूळ अठराव्या शतकातील इंग्लंडच्या व्यापारी बियरनिर्मितीत आहे.

त्यापूर्वी इंग्लंडमध्ये बियर बनवणे हे गृहिणीच्या कौशल्यांपैकी एक मानले जाई. जर्वेस मार्कमच्या १६१५ च्या गृहिणीविषयक ग्रंथात माल्ट करणे आणि बियर बनवणे या दोहोंना स्थान आहे. एकाच माल्टवर दोन-तीनदा पाणी घालण्याची रीत होती. पहिल्या पाण्याची बियर कडक, तर शेवटच्या पाण्याची सौम्य आणि नित्याच्या पिण्याची. धान्यात मागे उरलेला गोडवा अशा रीतीने पुढच्या पेयात उतरे. त्यामुळे ‘तूट’ ही कल्पनाच तेथे निराळी होती.

मायकेल कॉम्ब्रून याच्या १७६२ च्या ग्रंथाने या व्यवसायात तापमापकाचा पुरस्कार केला. पुढे जेम्स बॅव्हरस्टॉकने अर्काची घनता मोजण्यासाठी हायड्रोमीटर वापरला. त्याच्या प्रयोगांना अनुकूल प्रतिसाद देणारा साउथवर्कचा हेन्री थ्रेल हा डॉ. सॅम्युएल जॉन्सनचा स्नेही होता. १७८१ मध्ये थ्रेलच्या मृत्यूनंतर त्याचा कारखाना १,३५,००० पौंडांना विकला गेला, तेव्हा कोशकार जॉन्सन त्याच्या मृत्युपत्राचा एक व्यवस्थापक होता. १७८४ मध्ये हल येथील जॉन रिचर्डसनने सॅकॅरोमीटरच्या आधारे निरनिराळ्या माल्टच्या उताऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. पाककृतीची जागा कोष्टकाने घेण्यास येथे आरंभ झाला.

या कोष्टकाचे परिणाम दूरगामी झाले. पोर्टर ही गडद बियर ज्या तपकिरी माल्टपासून बनत असे, तो फिकट माल्टपेक्षा स्वस्त असला तरी त्याचा उतारा बराच कमी असल्याचे मापनाने दाखवले. कारखानदार फिकट माल्टकडे वळले. रंग मात्र हरवला. तो भरून काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इतर पदार्थांवर १८१६ च्या कायद्याने बंदी आली आणि १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने काळा माल्ट भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. उतारा मोजण्याच्या साधनाने पेयाचे घटकच बदलले.

१८८० मध्ये ब्रिटनने माल्टवरील कर रद्द करून तो अर्काच्या घनतेवर बसवला. घरी बियर बनवण्यासाठीही परवाना आवश्यक ठरला. ही अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत १९३३ मध्ये मद्यबंदी उठल्यावरही घरगुती बियरला संघीय कायद्याची मोकळीक नव्हती. ती १९७८ च्या कायद्याने मिळाली. कारखान्याचे आणि करवसुलीचे मापन आता हौशी कारागिराच्या वहीत आले.

त्याचे गणित सोपे आहे. एक किलो फिकट माल्टपासून एक लिटर अर्कात कमाल सुमारे ३०० अंश मिळू शकतात, असे धरले जाते. उदाहरणार्थ, ५ किलो माल्टचे १५०० अंश २० लिटरमध्ये वाटले, तर ७५ येतात. प्रत्यक्ष घनता १.०५४, म्हणजे ५४ अंश भरली, तर उतारा ७२ टक्के. तो कमी पडल्यास प्रथम मापनच तपासावे लागते, कारण गरम अर्कात हायड्रोमीटर बुडवल्यास आकडा कमी दिसतो आणि आकारमानाचा अंदाज चुकल्यास सारे गणित बिघडते. त्यानंतर माल्टची भरड, ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान आणि चोथ्यावर सावकाश सोडलेले पाणी, हे उपाय येतात. मात्र चोथा अति धुतल्यास टरफलांतील तुरटपणाही उतरतो. म्हणून सर्वाधिक उतारा हा सर्वोत्तम उतारा नव्हे.

व्यापारी कारखान्याला उतारा नफ्यासाठी हवा होता आणि शासनाला करासाठी. घरगुती कारागिराला टक्का-दोन टक्के माल्ट वाचवून फारसे मिळत नाही. त्याला हवे असते सातत्य. उतारा खेपेगणिक स्थिर राहिला, तर पुढील बियरची तीव्रता आधीच ठरवता येते आणि दुसऱ्याची कृती आपल्या भांड्यांना जुळवून घेता येते. आकडा तोच राहिला; घरात परतताना त्याचा अर्थ बदलला.